रेडियन्सच्या आरव्हीयूमध्ये पहिली खोली : नवख्यांसाठी पायरी-पायरीने

रेडियन्स हा प्रकाशाचा हिशेब करून त्रिमितीय दृश्य रेखाटणारा प्रोग्रॅम आहे. ग्रेग वॉर्ड यांनी तो १९८५ पासून अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत बांधायला घेतला आणि २००२ पासून तो मुक्त-स्रोत आहे. फुकट मिळतो, जगभरचे वास्तुरचनाकार आणि प्रकाशयोजनाकार वापरतात, आणि नवा माणूस पहिल्याच दिवशी त्याच्यावर वैतागतो. कारण मेनू नाही, बटणं नाहीत. काळा टर्मिनल आणि त्यात टाइप करायच्या कमांड, एवढंच.

प्रत्यक्षात रेडियन्स म्हणजे शंभराच्या आसपास छोट्या प्रोग्रॅमांचं गाठोडं आहे. त्यातला आरव्हीयू चित्र दाखवता दाखवता तुमच्या कमांड ऐकतो. सुंदर चित्रासाठी तो नाहीच. रात्रभर चालणारं मोठं रेंडर, म्हणजे अंतिम चित्राचा हिशेब, लावण्याआधी मॉडेलला चार प्रश्न विचारून घ्यायचे, त्यासाठी तो आहे. बरेच जण त्यात चित्र जरा बरं दिसलं की खूश होतात आणि प्रश्न विचारायचे राहून जातात. मग मार्गदर्शकांसमोर नाहीतर क्लायंटसमोर कळतं, की सूर्य भलत्याच दिशेला होता.

हा लेख दक्षिणेकडे खिडकी असलेल्या, पुण्यातल्या एका साध्या खोलीवर बेतला आहे. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा. इथल्या कमांडमधलं सगळं लहान लिपीत; मोठ्या लिपीतले एल आणि व्ही आरव्हीयूत वेगळं काम करतात.

आधी काय जमवायचं

- जागेचे अक्षांश-रेखांश, दशांशात. पुण्यासाठी १८.५२ उत्तर आणि ७३.८६ पूर्व चालतील.
- नकाशा, आणि त्यावरची उत्तर दिशेची खूण. कागदाची वरची बाजू म्हणजे उत्तर, असं धरून चालू नका. आपल्याकडे प्लॉट जसा कागदावर नीट बसतो तसा काढलेला असतो.
- खिडकीची सिल (खालची कड) आणि लिंटेल (वरची कड) पातळी, छज्जा किती बाहेर आला आहे ते माप.
- काचेचा प्रकार, भिंत-छत-फरशीचे रंग.
- साधा टेक्स्ट एडिटर. वर्ड नको, तो अवतरणचिन्हं आणि डॅश परस्पर बदलतो.

१. इन्स्टॉल करताना

गिटहबवर बर्कली प्रयोगशाळेच्या रेडियन्स भांडारात विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींसाठी तयार पॅकेजं असतात. ते उतरवून इन्स्टॉल करणं सोपं आहे. अडतं ते दोन व्हेरिएबलवर, म्हणजे फोल्डर कुठे आहेत हे संगणकाला सांगणाऱ्या सेटिंगवर. पाथमध्ये रेडियन्सचा बिन फोल्डर हवा आणि रेपाथ नावाच्या व्हेरिएबलमध्ये लिब फोल्डर. पहिला चुकला तर कमांडच सापडत नाही, ते लगेच कळतं. दुसरा चुकला तर कमांड सुरू होते आणि 'रेइनिट डॉट कॅल' सापडत नाही म्हणून रडते. हा संदेश दिसला की पुन्हा इन्स्टॉल करत बसू नका, रेपाथ तपासा.

मॅकवर आरव्हीयूची खिडकी उघडली नाही तर एक्सक्वार्ट्झ (अशा खिडक्या दाखवणारा वेगळा प्रोग्रॅम) टाका.

विंडोजवाल्यांनी विंडोजसोबत येणारं जुनं पॉवरशेल टाळावं. त्यातलं 'पेक्षा मोठं' हे चिन्ह वापरून फाइलमध्ये आउटपुट वळवलं की ते टेक्स्ट समजून एन्कोडिंग बदलतं आणि बायनरी फाइलची वाट लागते. चूक कुठे झाली हे शोधायला अख्खी दुपार जाते. साधा कमांड प्रॉम्प्ट वापरा.

जुन्या नोट्समध्ये आरव्हीयूचं नाव आरव्ह्यू असं, पूर्ण स्पेलिंगसह, दिसेल. तो हाच प्रोग्रॅम. लिनक्सवर मात्र ते जुनं नाव टाइप केलंत तर बहुधा व्हिम एडिटर उघडेल. घाबरू नका, बाहेर पडा आणि तीन अक्षरी नाव वापरा.

२. मटेरियल लिहिणं

रेडियन्समध्ये प्रत्येक वस्तूची नोंद एकाच साच्यात असते. पहिल्या ओळीत तीन शब्द : कशाचं बनलंय, कोणता प्रकार, नाव काय. मग तीन ओळी : शब्दांची संख्या, पूर्णांकांची संख्या (ही नेहमी शून्य), आणि दशांश आकड्यांची संख्या व ते आकडे. पांढऱ्या भिंतीचं मटेरियल असं :

व्हॉइड प्लास्टिक भिंत
०
०
५ ०.७ ०.७ ०.७ ० ०

व्हॉइड म्हणजे 'कशाचंच नाही'. प्लास्टिक या नावावर जाऊ नका. डिस्टेंपर, सिमेंट, फरशी, लाकूड, सगळं याच प्रकारात बसतं. पहिले तीन आकडे लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाचं परावर्तन; चौथा चकाकी, पाचवा खरखरीतपणा. भिंतीला ०.७, छताला ०.८, शहाबादी फरशीला ०.३ च्या आसपास धरा. 'पांढरा म्हणजे १' असं लिहू नका. तसली भिंत प्रकाश शोषतच नाही, आणि खोलीत येणारा उजेड हिशेबात फुगत जातो. ०.९ च्या वर जायची वेळ खऱ्या घरात सहसा येत नाही.

काचेसाठी 'ग्लास' प्रकार घ्या. 'डायइलेक्ट्रिक' नावाचाही एक आहे, तो जाड काचेच्या वस्तूंसाठी. खिडकीला तो लावलात तर ऊन आत यायचं थांबतं. दुसरा खड्डा आकड्याचा. कंपनीच्या पत्रकात ८८ टक्के प्रकाश आरपार जातो असं लिहिलेलं असतं, पण रेडियन्सला पृष्ठभागावरचं परावर्तन वगळून उरलेला आकडा हवा असतो. ८८ टक्क्यांच्या साध्या काचेसाठी तो ०.९६ येतो. तीनदा ०.९६ लिहा.

३. खोली उभी करणं

एक्स म्हणजे पूर्व, वाय म्हणजे उत्तर, झेड म्हणजे वर. एकक मीटर. खोली ४ मीटर रुंद, ५ मीटर खोल, ३ मीटर उंच धरू. दक्षिणेची भिंत वाय शून्यावर, तिथून खोली उत्तरेकडे पसरते.

तीन भिंती, छत आणि फरशी हे सरळ बहुभुज आहेत. खिडकीची भिंत नवख्यांना छळते, कारण बहुभुजाला भोक पाडायची सोय नाही. एका कडेपासून भोकापर्यंत शिवण घालून तसा बहुभुज काढता येतो, पण सुरुवातीला त्या फंदात पडू नका. भिंतीचे चार तुकडे करा : डावा, उजवा, सिलच्या खालचा, लिंटेलच्या वरचा. आपली खिडकी एक्स १.२ ते २.८, उंची ०.९ ते २.१. त्या रिकाम्या चौकटीत काचेचा एक बहुभुज. भिंतीला जाडी दिलेली नाही, हे लक्षात असू द्या. खऱ्या नऊ इंची भिंतीत सिलमुळे थोडं ऊन आणखी अडतं.

छज्जा ६० सेंटिमीटर बाहेर, खिडकीच्या दोन्ही बाजूंना ४० सेंटिमीटर जास्त. तो एका ओळीत होतो :

!जेनबॉक्स छज्जा_मटेरियल छज्जा २.४ ०.६ ०.१ | एक्सफॉर्म -टी ०.८ -०.६ २.१

सुरुवातीचं उद्गारचिन्ह म्हणजे 'ही कमांड चालवून जे येईल ते इथे घाल'. जेनबॉक्स ठोकळा बनवतो, एक्सफॉर्म तो उचलून जागेवर ठेवतो. नकाशातली उत्तर तिरपी असेल तर सगळी इमारत याच एक्सफॉर्मने -आरझेड देऊन फिरवायची.

४. आकाश : इथेच सगळे फसतात

आकाश आणि सूर्य जेनस्काय देतो. २१ डिसेंबर, दुपारी साडेबारा, स्वच्छ आकाश :

!जेनस्काय १२ २१ १२.५ +एस -ए १८.५२ -ओ -७३.८६ -एम -८२.५

-ए म्हणजे अक्षांश, -ओ म्हणजे रेखांश. आकड्यांना लागलेले ते दोन उणे नीट बघा. जेनस्काय रेखांश ग्रीनिचच्या पश्चिमेला मोजतो, त्यामुळे भारतातला प्रत्येक रेखांश उणे. -एम म्हणजे प्रमाणवेळेचा रेखांश, आपला ८२.५ पूर्व, म्हणून तोही उणे.

हे तिन्ही पर्याय दिलेच नाहीत तर जेनस्काय मुकाट्याने कॅलिफोर्नियातल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासची जागा धरतो. एकच उणे विसरलात तर सूर्य क्षितिजाखाली जातो आणि चूक डोळ्यांवर येते. सर्वांत घातक म्हणजे दोन्ही उणे विसरणं. अशा वेळी गोंधळ फक्त सुमारे ६९ मिनिटांचा होतो. चित्र छान येतं, ऊनही खिडकीतून आत दिसतं, कुठलाही इशारा मिळत नाही. फक्त सगळ्या सावल्या तासाभराने चुकीच्या असतात.

पडताळा सोपा आहे. पुण्यात १३ मेच्या आसपास शून्य सावलीचा दिवस असतो, म्हणजे मध्यान्ही सूर्य नेमका डोक्यावर येतो. हीच कमांड उद्गारचिन्हाशिवाय, तारीख ५ १३ घालून टर्मिनलवर चालवा. आउटपुटच्या वरच्या ओळींत, हॅश चिन्हापुढे, स्थानिक सौरवेळ आणि सूर्याची उंची छापलेली असते. सौरवेळ बाराला टेकलेली आणि उंची ८९ अंशांच्या वर हवी. तशी नसेल तर पुढे जाऊ नका. इतर गावांनी आपापली शून्य सावलीची तारीख घ्यावी. मुंबईची १५ मेच्या सुमारास येते, आणि विदर्भाच्या उत्तर टोकापर्यंत जाता जाता ती मेच्या अखेरीस सरकते.

जेनस्काय सूर्य उभा करतो, पण आकाशाचा घुमट तुम्हालाच लावावा लागतो. तो विसरला की खोलीत उन्हाचा एक तुकडा आणि बाकी मिट्ट काळोख. त्याच फाइलमध्ये खाली :

स्कायफंक ग्लो आकाश_चमक
०
०
४ १ १ १ ०

आकाश_चमक सोर्स आकाश
०
०
४ ० ० १ १८०

'स्कायफंक' हे नाव जेनस्काय स्वतः बनवतो, ते बदलू नका. जमिनीसाठी अशीच जोडी, झेडच्या जागी उणे १ घालून आणि रंग थोडा मातकट ठेवून. पावसाळ्यातली खोली तपासायची असेल तर +एसच्या जागी -सी घाला, म्हणजे झाकोळलेलं आकाश मिळतं. आपल्याकडे दिवसा दिवे लावायची वेळ जुलैत येते. त्यामुळे फक्त डिसेंबरचं ऊन बघून समाधान मानू नये, असं माझं मत.

५. ऑक्ट्री बांधणं

ओकॉन्व्ह स्काय.रॅड मटेरियल.रॅड रूम.रॅड > रूम.ऑक्ट

ही कमांड आकाश, मटेरियल आणि खोली या तीन फाइली घेऊन ऑक्ट्री, म्हणजे रेडियन्सला हिशेबासाठी लागणारी एक फाइल, बनवते. क्रम महत्त्वाचा. मटेरियलची फाइल खोलीच्या आधी हवी. आधी नाव, मग वापर. उलटं केलंत तर 'अनडिफाइंड मॉडिफायर' अशी तक्रार येते. नावातलं एखादं अक्षर चुकलं तरी तोच संदेश.

ऑक्ट्रीत मूळ दृश्य साठवलेलं नसतं, जागेची विभागणी आणि मूळ फाइलींचे पत्ते असतात. म्हणून ती एकटीच दुसरीकडे हलवली की मोडते. पेनड्राइव्हवर नेण्यासाठी -एफ देऊन गोठवलेली ऑक्ट्री बनवा. आणि मूळ फाइलीत काही बदललं की ओकॉन्व्ह पुन्हा चालवा. वस्तूंची संख्या बदलली असेल तर प्रोग्रॅम 'ऑक्ट्री स्टेल?' असं विचारून थांबतो. पण तुम्ही भिंत नुसती सरकवली असेल तर संख्या तीच राहते, तो काहीच बोलत नाही आणि चित्र अर्धवट चुकीचं येतं.

६. आरव्हीयू उघडणं

आरव्हीयू -व्हीपी २ ४.५ १.५ -व्हीडी ० -१ -०.२ -व्हीयू ० ० १ -व्हीएच ६० -व्हीव्ही ४५ रूम.ऑक्ट

व्हीपी म्हणजे डोळा कुठे, व्हीडी म्हणजे नजर कुठे. आपण खोलीच्या मागच्या भिंतीजवळ उभे राहून खिडकीकडे, थोडं खाली बघतो आहोत. खिडकी उघडेल, आधी मोठे मोठे चौकोन दिसतील आणि हळूहळू बारीक होत जातील. पूर्ण व्हायची वाट बघायची गरज नाही. चित्र सुधारत असतानाच कमांड देता येतात, आणि प्रत्येक कमांडचं पहिलं अक्षर पुरतं.

पहिलं चित्र फार काळं किंवा फार पांढरं असेल तर ई (एक्सपोजर). 'ई १' दिलं की सरासरीवर जुळवून घेतो. उन्हाचा तुकडा सरासरी बिघडवतो, म्हणून नुसता 'ई' देऊन सावलीतल्या भिंतीवर क्लिक करणं बरं. 'ई +१' म्हणजे एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजळ.

फिरण्यासाठी :

- आर (रोटेट) : 'आर ३०' म्हणजे नजर आडवी ३० अंश वळवली. डोळा जागेवरच.
- एम (मूव्ह) : क्लिक केलेल्या बिंदूकडे सरकणं, 'एम २' म्हणजे अंतर निम्मं. भिंतीच्या आत घुसलात तर पडदा एकरंगी होतो.
- ए (एम) : जागा न सोडता झूम. नाव मूव्हच्या पहिल्या अक्षरासारखं ऐकू येतं, टाइप करताना 'ए'च करा.
- पी (पिव्हट) : एखाद्या बिंदूभोवती प्रदक्षिणा.
- एल (लास्ट) : हरवलात तर मागच्या दृश्यावर परत. लहान लिपीतला एल. मोठा एल वेगळं काम करतो.
- एफ (फ्रेम) : फक्त निवडलेल्या चौकटीत सुधारणा कर. मंद लॅपटॉपवर हे वरदान आहे. 'एफ ऑल' दिलं की पुन्हा पूर्ण चित्र.

७. खोली काळी का? एस आणि एन

नवख्यांची सर्वांत मोठी तक्रार हीच. उन्हाचा तुकडा दिसतो, बाकी अंधार. मॉडेल बिघडलेलं नसतं. भिंतींवरून उसळणारा प्रकाश किती वेळा मोजायचा, हा -एबी नावाचा आकडा सुरुवातीला शून्य असतो. आरव्हीयूच्या आतूनच 'एस एबी २' द्या.

आणि काहीच बदलणार नाही. सेट केलेलं मूल्य पुढच्या किरणांना लागू होतं, आधीचे चौकोन तसेच राहतात. 'एस' नंतर एन (न्यू) द्यायचाच, म्हणजे चित्र कोऱ्यापासून सुरू होतं. नुसता 'एस' दिला तर बदलता येण्याजोगी सगळी व्हेरिएबलं दिसतात. एबी चढवत नेलं की वेळ झपाट्याने वाढतो. आरव्हीयूत २ च्या पुढे जाण्यात मतलब नाही.

८. टी : खरी परीक्षा

टी (ट्रेस) द्या आणि चित्रात कुठेही क्लिक करा. तो किरण कुठे आदळला, कोणत्या वस्तूवर, कोणत्या मटेरियलवर, त्या बिंदूचे एक्स-वाय-झेड किती आणि तिथलं प्रकाशमूल्य काय, हे सगळं सांगतो.

आता कागदावर हिशेब करा. २१ डिसेंबरला पुण्यात मध्यान्हीचा सूर्य सुमारे ४८ अंशांवर असतो. ६० सेंटिमीटरचा छज्जा अशा उन्हात स्वतःखाली जवळपास ६७ सेंटिमीटर सावली पाडतो. म्हणजे २.१ मीटरच्या लिंटेलपासून १.४३ मीटरपर्यंत काच सावलीत आणि तिथून ०.९ च्या सिलपर्यंत उन्हात. हे ऊन फरशीवर खिडकीपासून साधारण ०.८१ ते १.२९ मीटरच्या पट्ट्यात पडायला हवं.

उन्हाच्या पट्ट्याच्या दोन्ही कडांवर टी लावा आणि वायचे आकडे वाचा. दोन-तीन सेंटिमीटरचा फरक क्लिक नेमकं न बसल्यामुळे येतो. पट्टा दोन मीटरवर गेला किंवा पूर्वेकडे झुकला तर आकाशाकडे परत जा, बहुतेक वेळा ते उणेच असतात. त्यानंतर तारीख ३ २१ करून, ऑक्ट्री पुन्हा बांधून बघा. तेव्हा सूर्य ७१ अंशांच्या वर असतो, छज्जाची सावली अख्खी खिडकी झाकते, आणि फरशीवर ऊन अजिबात दिसता कामा नये.

टीचा दुसरा उपयोग : एखादी भिंत विचित्र दिसत असेल तर तिच्यावर क्लिक करून मटेरियलचं नाव वाचा. छताला फरशीचं मटेरियल लागलेलं असणं हा नेहमीचा प्रकार.

९. दृश्य जपून ठेवणं आणि अंतिम रेंडर

पसंत पडलेलं दृश्य 'व्ही हॉल.व्हीएफ' असं देऊन फाइलमध्ये लिहून ठेवा. ही कमांड जुनं पुसत नाही, नवीन ओळ खाली जोडते; वापरताना शेवटची ओळ धरली जाते. डब्ल्यू (राइट) पडद्यावरचं चित्र साठवतो, पण ते कच्चंच. सादरीकरणात ते लावू नका. क्यू म्हणजे बाहेर.

पक्कं चित्र आरपिक्ट करतो, त्याच दृश्याच्या फाइलवरून :

आरपिक्ट -व्हीएफ हॉल.व्हीएफ -एक्स २४०० -वाय २४०० -एबी ४ रूम.ऑक्ट > कच्चं.एचडीआर

मग पीफिल्टने आकार निम्मा करा, म्हणजे कडा गुळगुळीत होतात :

पीफिल्ट -१ -एक्स /२ -वाय /२ कच्चं.एचडीआर > पक्कं.एचडीआर

एचडीआर फाइल व्हॉट्सॲपवर कुणाला उघडत नाही, म्हणून शेवटी आरए_टिफने टिफ करा. कच्ची एचडीआर मात्र पुसू नका. खरी प्रकाशमूल्यं तिच्यातच असतात. उजेड रंगपट्टीने दाखवणारा फॉल्सकलर चालवायचा तर तो एचडीआरवरच, टिफ त्याच्या कामाची नाही. तुम्हाला लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं एकक) हवे असतील तर आरपिक्टला -आय पर्याय देऊन वेगळं चित्र काढा. त्याशिवाय जे मिळतं ते पृष्ठभागाचं तेज असतं, त्याला लक्सचं लेबल लावलं तर परीक्षक पहिल्यांदा तिथेच बोट ठेवतात.